मुलीच्या शिक्षणाचा लाभार्थी कोण?

'मुलगी शिकली, प्रगती झाली' ही घोषणा शाळांच्या भिंतींवर इतकी वर्षे रंगवली जात आहे की कोणाची प्रगती, हे विचारायचे आपण विसरलो. घोषणा त्याबाबत गप्प आहे. तिच्यावरची भाषणे मात्र बोलकी असतात. मुलगी शिकली की बालमृत्यू घटतात, कुटुंब लहान राहते, पुढची पिढी शाळेत जाते, देशाचे उत्पन्न वाढते. हीच यादी केनिया-टांझानियातल्या मसाई पशुपालकांच्या मुलींसाठी वाचली जाते आणि आमच्या बुऱ्हाणपूर जिल्ह्यातल्या खकनार, नेपानगर, धुलकोटकडच्या कोरकू, बारेला, भिलाला मुलींसाठीही. यादीत बाळ आहे, नवरा आहे, सासर आहे, गाव आहे, सरकार आहे. शाळेत जायचे आहे जिला, तिचा तेवढा उल्लेख नाही.

माझे म्हणणे असे की यादी खोटी नाही, पण उथळ आहे आणि त्या उथळपणाची किंमत मुलींना मोजावी लागते. शिक्षणाचा पहिला लाभ म्हणजे त्या मुलीला स्वतःच्या वतीने घासाघीस करण्याची ताकद मिळणे: ठेकेदाराशी, कचेरीशी, ग्रामसभेत आणि स्वतःच्या घरात. बाकीचे लाभ या ताकदीच्या मागून येतात. ताकद टाळून केवळ तिची फळे हवी असलेल्या धोरणाच्या हाती दोन्हींपैकी काही लागत नाही.

1. यादी खरी आहे, आणि तीच अडचण आहे

आकडे नाकारण्यात अर्थ नाही. ममता मूर्ती, अ‍ॅन-कॅथरीन गुईओ आणि ज्याँ द्रेझ यांनी 1995 मध्ये भारतातल्या जिल्ह्यांची आकडेवारी तपासली. जिथे स्त्रियांची साक्षरता आणि कामातला सहभाग जास्त, तिथे बालमृत्यू आणि जननदर कमी आढळले. पुरुषांची साक्षरता किंवा सर्वसाधारण सुबत्ता यांचा परिणाम त्या मानाने फिका होता. त्याआधी 1992 मध्ये जागतिक बँकेचे मुख्य अर्थतज्ज्ञ लॉरेन्स समर्स यांनी पाकिस्तानातल्या भाषणात मुलींचे शिक्षण ही विकसनशील देशांतली बहुधा सर्वाधिक परतावा देणारी गुंतवणूक आहे, असे मांडले होते. तेव्हापासून 'गुंतवणूक' हा शब्द या विषयाला जो चिकटला तो सुटला नाही.

आता गुंतवणूक म्हटली की दोन प्रश्न आपोआप येतात. परतावा किती, आणि पैसे घालणे कुठे थांबवायचे? हेतू कमी मुले होण्याचा असेल तर आठवीपर्यंतची शाळा पुरे. हेतू लग्न अठरापर्यंत लांबवण्याचा असेल तर मुलीला अठरापर्यंत कुठेतरी गुंतवून ठेवले की झाले, मग वर्गात काही शिकवले जाते की नाही याची फिकीर कोण करतो? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या 2019-21 च्या फेरीत किमान दहा वर्षे शाळा शिकलेल्या स्त्रियांचे प्रमाण देशात 41 टक्के होते, मध्य प्रदेशात सुमारे 29. त्याआधीच्या 2011 च्या जनगणनेत राज्यातल्या अनुसूचित जमातींच्या स्त्रियांची साक्षरता 41 टक्क्यांच्या आसपास होती आणि त्याच जमातींच्या पुरुषांची 60 च्या जवळ. हे आकडे केवळ गरिबीचे असते तर एकाच झोपडीत राहणाऱ्या भावाबहिणीत एवढे अंतर पडले नसते.

2. लाभ कोणत्या वाटेने येतो

शिकलेल्या आईचे मूल जास्त जगते, हे कबूल. पण का? सोपे उत्तर असे की तिला हात धुणे, लस, मीठ-साखरेचे पाणी हे सगळे माहीत असते. जॉन कॉल्डवेल या लोकसंख्याशास्त्रज्ञाला नायजेरियातल्या आकड्यांचा अभ्यास करताना हे उत्तर अपुरे वाटले. 1979 च्या त्याच्या लेखात तीन कारणे आहेत. शिकलेली आई आजाराला नशीब मानून बसत नाही. दवाखान्यात, कचेरीत तिचे ऐकले जाते, कारण ती ऐकून घ्यायला लावते. आणि तिसरे, माझ्या मते सर्वांत महत्त्वाचे: घरातला तोल बदलतो. तापाने फणफणलेल्या मुलाला आत्ता दवाखान्यात न्यायचे की नवरा परतेपर्यंत थांबायचे, घरातले चांगले अन्न आधी कोणाच्या ताटात पडायचे, हे निर्णय सासू आणि नवरा यांच्या हातून थोडे का होईना तिच्या हाती येतात.

म्हणजे बालमृत्यू कमी होतो तो आईने पाठ केलेल्या माहितीपेक्षा तिने मिळवलेल्या अधिकारामुळे. साबणाची भित्तिचित्रे शाळेत टांगून हा अधिकार येत नाही. ज्या शाळेत मुलगी सात वर्षे मान खाली घालून फळ्यावरचे उतरवून घेते, तिथून तिच्या हाती प्रमाणपत्र येईल. सासूला 'मी आत्ताच निघते' म्हणण्याची धमक येईलच असे नाही.

एकोणिसाव्या शतकात आपल्याकडे हा वाद होऊन गेला आहे. तेव्हाच्या बहुतेक सुधारकांना शिकलेली स्त्री हवी होती ती सुगृहिणी आणि सुमाता म्हणून. जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांच्या शाळेतून निघालेले उत्तर वेगळे होते. 1855 मध्ये 'ज्ञानोदय'मध्ये मुक्ता साळवे या चौदा वर्षांच्या मांग मुलीचा निबंध छापला गेला. जेमतेम तीन वर्षांच्या शाळेनंतर तिने लिहिले ते घर कसे नीट ठेवावे यावर नव्हे, मांग-महारांच्या दुःखावर. पुढे 1882 मध्ये 'स्त्रीपुरुष तुलना' लिहिणाऱ्या ताराबाई शिंदे बुलढाण्याच्या. आमच्या जिल्ह्याची दक्षिणेची हद्द ज्या जिल्ह्याला भिडते, तिथल्या. त्या घरीच शिकल्या, सत्यशोधक वडिलांकडे. सुरतेच्या एका तरुण विधवेला बालहत्येची शिक्षा झाली, वर्तमानपत्रांनी सगळ्या स्त्रीजातीला झोडपले, तेव्हा हे पुस्तक उभे राहिले. या शिक्षणावर कोणी परतावा मोजला असता तर काय मोजला असता?

3. फड, काटा, पट्टा

बुऱ्हाणपुरातले चित्र पाहू. 'शिकली की ती कामाला लागेल' हे वाक्य इथल्या आदिवासी स्त्रीला लागू करणे हास्यास्पद आहे. ती दहाव्या वर्षापासून कामालाच लागलेली आहे. मसाई बाईचेही तेच: शेणामातीचे घर तीच बांधते, दूध तीच काढते, पाणी-सरपण तीच आणते. गुरे मात्र नवऱ्याच्या नावाची. प्रश्न काम मिळण्याचा नाही, केलेल्या कामाचा हिशेब कोणाच्या वहीत आणि कोणाच्या हस्ताक्षरात लिहिला जातो, हा आहे.

तेंदूपानाचा हंगाम घ्या. एप्रिल-मेमध्ये बायका आणि मुली पहाटेच जंगलात शिरतात, दुपारी सावलीत बसून पन्नास-पन्नास पानांचा पुडा सालीच्या दोरीने बांधतात आणि संध्याकाळी फडावर नेतात. तिथे पुडे जमिनीवर ओळीने मांडले जातात. फडमुंशी ओळींमधून चालत मोजतो. पान फाटके, पुडा लहान, असे म्हणत काही बाजूला टाकतो आणि कार्डावर आकडा घालतो. एक हजार पुड्यांचा एक मानक बोरा, आणि 2024 पासून मध्य प्रदेशात त्याचा दर 4,000 रुपये. म्हणजे पुड्याला चार रुपये. शंभर पुडे, पाच हजार पाने, चारशे रुपये. कार्डावर शंभराऐवजी नव्वद पडले तर चाळीस रुपये गेले, आणि त्यासोबत पाचशे पाने तोडण्याचे व बांधण्याचे कष्टही. कार्ड बहुतेक घरप्रमुखाच्या नावाचे, पैसा खात्यात जमा होणारा. पाने तोडणाऱ्या बाईला कार्डावरचा आकडा वाचता येत नसेल तर ती मुंशीच्या तोंडाकडे पाहते. तिच्या सहावीतल्या मुलीला वाचता आला तर मुंशी वहीकडे पाहू लागतो. माझ्या लेखी हा शिक्षणाचा लाभ आहे. तो सर्वेक्षणाच्या कोणत्याही रकान्यात सापडत नाही.

कापूस वेचणीला दर किलोमागे असतो. हुकाच्या काट्याला गाठोडे लटकते, पडद्यावर अठरा पूर्णांक सहा येते, मुकादमाच्या वहीत अठरा. दिवसाला सहाशे ग्रॅम हे काही लूट म्हणावे एवढे वजन नव्हे, पण वीस बायकांची टोळी आणि महिन्याभराचा हंगाम धरला तर मुकादमाचा डिझेलचा खर्च त्यातून सुटतो.

तिसरी गोष्ट सर्वांत मोठी, जमिनीची. 2006 च्या वनाधिकार कायद्यातल्या कलम 4(4) प्रमाणे विवाहित दावेदाराचा पट्टा नवरा-बायको दोघांच्या नावे निघायला हवा. ग्रामसभेच्या गणपूर्तीत एक तृतीयांश स्त्रिया असल्याच पाहिजेत, वनहक्क समितीतही एक तृतीयांश. कागदावर इतकी चोख तरतूद दुसऱ्या कोणत्याही जमीन कायद्यात शोधून सापडणार नाही. नेपानगर-खकनार पट्ट्यात जंगल, अतिक्रमण आणि प्रलंबित दावे यांवरून गेली कित्येक वर्षे धग आहे. 2019 च्या फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयाने फेटाळलेल्या दावेदारांना हटवण्याचा आदेश दिला, त्याच महिन्यात तो स्थगितही केला, आणि राज्याने फेरतपासणीसाठी 'वनमित्र' नावाची ऑनलाइन व्यवस्था आणली. आता दावा म्हणजे मोबाइल, ओटीपी, स्कॅन केलेला पुरावा. ज्या वस्तीत हे करू शकणारा फक्त एखादा मुलगा किंवा बाजारातला दुकानदार असतो, तिथे कलम 4(4) मधली बायको सहज गळते. वस्तीतली एखादी बारावी झालेली मुलगी फॉर्म भरायला बसली तर आईचे नाव गाळण्याआधी तिला निदान विचारावे लागेल.

मसाईंच्या इतिहासात हे घडून गेलेले आहे. 1968 च्या कायद्याने केनियात त्यांच्या सामाईक कुरणांचे 'ग्रुप रँच' झाले. सभासद म्हणून नोंदले गेले ते जवळजवळ सगळे पुरुष कुटुंबप्रमुख. पुढे या कुरणांचे तुकडे पडले, पट्टे पुरुषांच्या नावे निघाले आणि अनेकांनी ते विकले. विक्रीचा व्यवहार झाला हे बायकोला कुंपण पडल्यावर कळायचे. नोंदणीच्या वेळी त्या बायकांच्या हाती काय होते? गुरांची जात, दुधाचा हिशेब, गवताचे ज्ञान सगळे होते. कागद वाचता येत नव्हता आणि सभेत बसण्याचा रिवाज नव्हता. खकनारच्या बाबतीत कायदा निदान तिच्या बाजूने आहे. म्हणून इथे शिक्षणाचा उशीर अधिक महाग पडतो.

4. 'मानसिकता' नावाचे सोयीचे निदान

शहरातल्या चर्चेत कारण ठरलेले असते: आदिवासी पालकांची मानसिकताच नाही. हे निदान सोयीचे आहे, कारण त्यात कोणाला काही करावे लागत नाही. जनजागृतीचा एक रथ फिरवला की भागते.

याच राज्याचा अनुभव या निदानाच्या उलट आहे. 1 जानेवारी 1997 ला मध्य प्रदेशाने शिक्षण हमी योजना सुरू केली. आदिवासी भागात एक किलोमीटरच्या आत शाळा नसेल आणि पंचवीस मुलांच्या पालकांनी मागणी केली, तर नव्वद दिवसांत शिक्षक देण्याची हमी. मागणी पालकांनी करायची होती. म्हणजे मानसिकता नसती तर योजना जागीच थंड पडली असती. प्रत्यक्षात काही वर्षांत वीस हजारांहून अधिक शाळा उघडाव्या लागल्या. त्या शाळांचा दर्जा, तुटपुंज्या मानधनावरचे गुरुजी यांवर टीका झाली आणि ती रास्त होती. पण पालकांना शाळा नको, हा समज त्यानंतर टिकायला नको होता.

बिहारचे उदाहरण याहून नेमके आहे. 2006 मध्ये तिथे नववीतल्या मुलींना सायकली दिल्या. कार्तिक मुरलीधरन आणि निशीथ प्रकाश यांच्या अभ्यासात माध्यमिक शाळेतला मुलगा-मुलगी फरक सुमारे 40 टक्क्यांनी घटलेला आढळला, आणि परिणाम सर्वांत ठळक होता तो जिथे शाळा तीन किलोमीटर किंवा त्याहून दूर होती त्या गावांत. मानसिकता सायकलने बदलत नसते. अंतर कमी होते.

आमच्या जिल्ह्याची एक गोष्ट अभिमानाने सांगण्यासारखी आहे. जुलै 2022 मध्ये 'हर घर जल' प्रमाणित झालेला देशातला पहिला जिल्हा बुऱ्हाणपूर होता. डोक्यावरचा हंडा उतरला तर मुलीच्या दिवसातला वेळ मोकळा होतो, ही छोटी बाब नाही. पण नळ आल्याने दहावीनंतरची शाळा जवळ येत नाही. पाड्यातून फाट्यापर्यंत पायी, फाट्यावरून मिळेल ती जीप, आणि परतताना अंधार. या वाटेवर बाप मुलीला एकटी सोडत नाही, तेव्हा तो मागासलेला नसतो. बुऱ्हाणपूर शहरात शनवारा किंवा लालबागेतला कोणताही बाप तेच करील.

भाषेचा अडसर तर चर्चेतही येत नाही. कोरकू ही मुंडा कुळातली भाषा. संथाली, मुंडारी तिच्या बहिणी. हिंदी-मराठीशी तिचे रक्ताचे नाते नाही. घरी कोरकू किंवा बारेली, शाळेत हिंदी, आणि सोयाबीन कापायला तापीपलीकडे गेले की मालकाची मराठी. सहा वर्षांच्या मुलीला पहिल्या दिवशी परक्या भाषेत पुस्तक मिळते आणि दोन वर्षांनी 'हिला काही येत नाही' असा शेरा. घटनेचे कलम 350-क मातृभाषेतून प्राथमिक शिक्षणाची सोय करायला सांगते, 2020 चे शैक्षणिक धोरणही तेच म्हणते. खकनारच्या वर्गात मात्र कोरकू बोलणारी बाई शिक्षक म्हणून उभी असणे हा आजही योगायोग असतो.

5. लाडली असण्याच्या अटी

राज्याच्या योजनांनी मुलींच्या हाती पैसा दिला, हे मान्य करूनच पुढचे म्हणतो. 2007 पासूनच्या लाडली लक्ष्मी योजनेत मुलीला सहावीत 2,000, नववीत 4,000, अकरावी आणि बारावीत प्रत्येकी 6,000 रुपये मिळतात. शेवटचे एक लाख एकविसाव्या वर्षी. अट अशी की बारावीची परीक्षा दिलेली हवी आणि लग्न अठराच्या आत झालेले नसावे. पुढे महाविद्यालयात प्रवेशासाठीही रक्कम जोडली गेली. हेतू वाईट नाही. पण अट पाहा: तिच्या पदरात मोठी रक्कम पडते ती ती काय शिकली यापेक्षा तिचे लग्न कधी झाले यावर. बालविवाहाचे ओझे चौदा-पंधरा वर्षांच्या मुलीच्या खात्यावर टाकले आहे, जिच्या लग्नाचा निर्णय ती घेतच नाही. ज्या मुलीचे लग्न सोळाव्या वर्षी लावून दिले, तिला शिक्षणाची सर्वांत जास्त गरज आहे आणि नेमकी तीच यादीतून बाहेर.

लाडली बहनाचे पाहा. 2023 मध्ये सुरू झालेली ही योजना विवाहित स्त्रियांसाठी आहे; विधवा, घटस्फोटित आणि परित्यक्ता यांचा तिच्यात समावेश आहे. बावीस वर्षांची, बी.ए. करणारी, लग्न न झालेली बारेला मुलगी पात्र नाही. तिने लग्न केले की ती पात्र होते. सरकारच्या मनात स्त्री कोणत्या नात्याने नोंदलेली आहे, हे यापेक्षा स्पष्ट कोणी लिहून दिले नसते.

टांझानियात गर्भार राहिलेल्या मुलीला शाळेतून काढण्याची रीत 2021 च्या नोव्हेंबरात मागे घेतली गेली. तोपर्यंत तिथलेही सरकार मुलींच्या शिक्षणाचे गुण गातच होते. मुलीच्या शिक्षणाला तिच्या लग्नाशी आणि शरीराशी बांधणाऱ्या सरकारांचे गोत्र एकच आहे.

6. तीन आक्षेप

*संस्कृती मोडेल.* आक्षेप गंभीर आहे, पण तो घेणारे बहुधा त्या संस्कृतीबाहेरचे असतात. आदिवासी स्त्रीला शेजारच्या जातिबद्ध समाजातल्या बाईपेक्षा काही बाबतींत अधिक मोकळीक आहे: बाजारहाट, पुनर्विवाह, नवरा सोडणे. भिल्ल-बारेल्यांत दापा वराकडून वधूच्या बापाला जातो, तिच्या श्रमाला मोल आहे म्हणून. त्याला मुलगी विकणे म्हणून नाक मुरडणाऱ्या आमच्या खानदेशी मंडळींनी स्वतःच्या घरचे हुंडे आधी आठवावेत. मात्र हेही खरे की दाप्याची रक्कम ठरते तेव्हा मुलगी त्या बैठकीत नसते. मसाई मुलीच्या बदल्यात किती गुरे, हे ठरताना तीही नसते. शिकलेल्या, नोकरदार आदिवासी घरांत दापा जाऊन हुंडा शिरण्याचा धोका मी नाकारत नाही. शाळा जर आदिवासीपणाची लाज शिकवीत असेल तर तसेच होणार. उपाय शाळा कमी करणे नव्हे, लाज शिकवणे बंद करणे आहे.

केनियातल्या एनूसाएन गावच्या काकेन्या न्ताइया यांनी वडिलांशी सौदा केला: सुंतेचा विधी होऊ देते, पण त्यानंतर लग्न न लावता मला शाळेत राहू द्या. पुढे त्या अमेरिकेत शिकल्या आणि 2009 मध्ये आपल्याच गावात मुलींची शाळा काढली. त्या मसाई राहिल्या. सौदा क्रूर होता, हे निराळे सांगायला नको. पण पुढच्या मुलींना तो करावा लागू नये म्हणून जी शाळा निघाली, ती बाहेरून आलेल्या कोणा उद्धारकाने काढलेली नाही.

*नोकऱ्या कुठे आहेत?* नाहीत. नेपानगरचा कागद कारखाना 1956 ला सुरू झाला तेव्हा वाटले होते की हा पट्टा उद्योगाचा होईल; तसे झाले नाही, हे जिल्ह्याला ठाऊक आहे. यंत्रमाग आहेत, केळी आहे, मजुरी आहे. शिकलेली मुलगी पुन्हा त्याच शेतात जाईल, हे बहुतेकींच्या बाबतीत खरे आहे. पण शिक्षण म्हणजे नोकरीची पावती असे मानणाऱ्यालाच हा आक्षेप बोचतो. तिसऱ्या भागातला फड, काटा आणि पट्टा हे सगळे नोकरीविनाच्या आयुष्यातले हिशेब आहेत. शिवाय जिल्ह्यातल्या अंगणवाड्या, शाळा, आरोग्य केंद्रे यांत कोरकू-बारेली बोलणाऱ्या शिकलेल्या बायकांची गरज आहेच; त्या जागांवर परभाषिक बसतात, कारण पाड्यातली मुलगी दहावीपलीकडे पोहोचत नाही.

*अडाणी बायका शहाण्या नसतात का?* असतात. बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हते आणि मराठीतली थोर कविता त्यांनी शेतात काम करता करता रचली. पण ती आपल्यापर्यंत आली कशी? त्यांचे पुत्र सोपानदेव यांनी टिपून ठेवली, त्या गेल्यानंतर 1952 मध्ये छापली गेली. लिहून घेणारा मुलगा प्रत्येकीच्या नशिबी नसतो. त्या असोद्याच्या, इथून काही तासांच्या अंतरावरच्या. या सातपुड्याच्या पायथ्याशी अशा किती ओव्या जात्यासोबत विरल्या, याची मोजदाद नाही. शहाणपण अक्षराविना असू शकते हे बहिणाबाईंनी दाखवले. अक्षरांची गरज नाही, असे त्यांनी कुठे दाखवलेले नाही.

7. शाळा मुलीकडे कशी जाईल

या प्रश्नावर आपल्याकडे काम झालेले आहे, फक्त ते आपण जयंतीपुरते ठेवले. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी आणि नंतर कोसबाडला वारली मुलांमध्ये काम केले. मुले गुरे राखायला जातात म्हणून शाळेत येत नाहीत, असे दिसल्यावर त्यांनी मुलांना दोष दिला नाही, कुरणातच शाळा भरवली. कुरणशाळा. बाळाला सांभाळणारी बहीण घरी अडकते हे दिसल्यावर बाळाची सोय अंगणातच केली. गुरांमागे जाणारी मसाई मुलगी असो की धाकट्या भावाला कडेवर घेतलेली कोरकू मुलगी, उत्तराची दिशा तीच आहे. नर्मदेकाठच्या जीवनशाळांनी मुलांच्या बोलीत शिकवून दाखवले, तेही सातपुड्यातच.

खकनारसारख्या अनुसूचित क्षेत्रातल्या तालुक्यासाठी मागण्या फार नाहीत. कस्तुरबा गांधी बालिका विद्यालयांची योजना 2004 ची. ती आठवीपर्यंतची होती, 2018 नंतर बारावीपर्यंत नेण्याची तरतूद झाली. ती बारावी प्रत्येक तालुक्यात प्रत्यक्षात यावी. पहिली तीन वर्षे वर्गात कोरकू किंवा बारेली येणारी शिक्षिका असावी. लग्न झालेल्या मुलीला वसतिगृह नाकारू नये. स्थलांतराच्या हंगामात आईबाप गाव सोडतात तेव्हा वसतिगृह बंद नसावे. दिवाळीची सुट्टी आणि कापसाचा हंगाम एकाच वेळी येतात, आणि सुट्टीत घरी गेलेली मुलगी बरेचदा टोळीबरोबर निघून जाते. आणि नववीपासून अभ्यासक्रमात वनाधिकाराचा दावा, तेंदूचे कार्ड, बँकेचे पासबुक, हजेरीपट हे वाचायला शिकवावे. यात क्रांतिकारक काही नाही.

शेवटी सरकारला नव्हे, वाचकांना सांगायचे आहे. हा लेख वाचणाऱ्यांत बुऱ्हाणपूर, रावेर, जळगाव जामोदकडचे केळी-कापूस पिकवणारे बरेच जण असतील. या मुलींचे आईबाप तुमच्याच शेतात येतात. चौदाच्या आतल्या मुलाला मजुरीला लावणे 2016 च्या दुरुस्तीनंतर कोणत्याही कामात गुन्हा आहे, हे तुम्हाला ठाऊक आहे. येत्या हंगामात मुकादमाला उचल देताना एवढे बजावा: टोळीत शाळेच्या वयाची मुलगी नको, वहीत प्रत्येक बाईचे नाव वेगळे, तिच्या नवऱ्याच्या नावाखाली नव्हे, काट्याचा आकडा दशांशासकट, आणि मजुरी तिच्या हातात किंवा तिच्या खात्यात. यासाठी कोणत्याही योजनेची वाट पाहावी लागत नाही.